चाक टेकवायचं नाही

“सायकल खांद्यावर घे. चाक टेकलं तर बघ.”

सुभेदार बांधावर उभा होता. फौजेतून रिटायर होऊन आला, पण हुकूम सोडायची खोड गेली नव्हती. मी नववीत होते. सायकल बापाची, जुनी, जड. खांद्यावर घेतली. पेडल बरगडीत रुतलं, चेनचं वंगण शाळेच्या पांढऱ्या ब्लाऊजला लागलं. उसाला पाणी पाजणारे दोघे फिदीफिदी हसले. मी बांध संपेपर्यंत सायकल वाहिली. वर्गात बाईंनी ब्लाऊज बघितला आणि मला मागच्या भिंतीला बसवलं.

ही नव्वद सालानंतरची गोष्ट. आमच्या बौद्धवस्तीतून हमरस्त्याला जायला तेवढीच जवळची वाट. कुणी कुंडलच्या हायस्कुलात, कुणी वीटभट्टीवर. सगळे तिथे सायकल उचलूनच जायचे. नुसतं चालायला सुभेदाराची ना नव्हती. आम्ही आलोच नाही तर त्याचा ऊस कोण भांगलणार, तण कोण काढणार? त्याला भीती होती चाकाची. चाकोरी पडली की वहिवाट धरली जाते, मग सरकार रस्ता देतं, हे त्याला पक्कं ठाऊक. आम्हाला वाटायचं, मोठ्याच्या रानातून जाताना सायकल उचलायची रीतच असते. आग लागो त्या रितीला!

मी दहावीत गेले तेव्हा वस्तीने रस्ता समिती काढली. बाप अध्यक्ष. अर्ज माझ्या अक्षरात. मोटार नको, ट्रॅक्टर नको, माणूस चालेल आणि सायकल जाईल एवढी वाट द्या. खाली सगळ्यांचे अंगठे. समितीने तालुक्याला किती खेटे घातले! शिपाई दारातच बसवायचा. शेवटी तहसीलदार साहेब वाटेची पाहणी करायला यायला तयार झाले.

त्या दिवशी साहेबांना खुर्ची सुभेदाराची, चहा सुभेदाराचा. मी अर्जाची नक्कल घेऊन बाजूला उभी. सुभेदार गोड आवाजात म्हणाला, “साहेब, हितनं सायकल कवाच गेली न्हाई. तुमीच बघा.”

तेवढ्यात वस्तीकडून आमची समिती आली. धुतलेले सदरे, अकरा सायकली. बांध लागला आणि एकामागून एक सगळ्यांनी सायकली खांद्यावर घेतल्या. सगळ्यात पुढे माझा बाप. कुणी हुकूम केला नव्हता. सुभेदाराने तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.

साहेब हसले. “खरंच की. चाकाचा वण नाही कुठे.” कारकून लिहायला लागला.

मला राग आला. सुभेदाराचा नाही, बापाचा. इतका राग मला आजवर कुणाचा आला नाही.

“आण्णा, खाली ठेवा ती सायकल.”

“गप गं. साहेब हायती.”

मी त्याच्या खांद्यावरून ती ओढून घेतली आणि खाली टेकवली. मधल्या दांडीखालून पाय घातला आणि बांधावरून मारली. पाणी पाजलेली माती मऊ होती. चाक चांगलं रुतत गेलं.

“उतर खाली!” सुभेदार ओरडला.

“न्हाई उतरणार. साहेब, लिवा. सायकल गेली म्हणून लिवा.”

साहेब म्हणाले, “एका दिवसाने वहिवाट होत नाही, पोरी.” अर्ज फेटाळला. आईचं सुभेदाराकडचं भांगलण त्याच आठवड्यात बंद झालं. आपलंही काम जाईल म्हणून वस्तीतल्या बायका मला बघून तोंड फिरवायला लागल्या. बाप बोलेना.

एका दिवसाने होत नाही ना? मग रोज. सुभेदाराने बांधावर बाभळीच्या फांद्या टाकल्या. मी ओढून बाजूला केल्या, हात सोलून निघाले, पण मी सायकलवरूनच गेले. संध्याकाळी त्याने पुन्हा टाकल्या. सकाळी पुन्हा ओढल्या.

चौथ्या दिवशी निघताना बापाला सांगितलं, “आण्णा, ही सायकल परत तुमच्या खांद्यावर दिसली, तर मी तुमाला बाप म्हणनार न्हाई.”

धमकी नव्हती ती. मी तसंच करणार होते.