लॅपटॉपवरचं पिवळं कव्हर

आमच्या घरात उघडी वस्तू आईला बघवत नाही. टीव्ही, मिक्सर, अगदी इन्व्हर्टरसुद्धा तिच्या क्रोशाच्या कव्हराखाली असायचा. माझ्या लॅपटॉपसाठीही तिने पिवळ्या दोऱ्याचं कव्हर विणलं होतं. मी ते खुर्चीच्या पाठीवर टाकून ठेवत असे.

मी बडोद्यातल्या बिल्डरांना अजून न बांधलेल्या घरांचे व्हिडिओ करून देतो. लॅपटॉप चांगला होता, पण ग्राफिक्स कार्डाच्या वेगाला कंपनीने कुलूप घातलं होतं. यंत्र माझं आणि मर्जी त्यांची, हे काही माझ्या पचनी पडेना. दोन रविवार नेटवर अनोळखी लोकांचं वाचून मी कार्डातला मूळ प्रोग्रॅमच बदलला. विजेची मर्यादा काढली. तापलं की वेग आपोआप कमी करायची सोयही काढली. ती काढू नका, असं तिथेच ठळक लिहिलं होतं. पण मी पडलो शहाणा.

वेग खरंच वाढला. खूश होऊन मी एक लांबलचक चाचणी लावली, झाकण अर्धवट मिटलं आणि वाडीच्या नाक्यावर चहाला गेलो. तेवढ्यात आई खंडेराव मार्केटमधून भाजी घेऊन आली. समोरच्या घराचं पाडकाम चाललं होतं, धूळ आत येत होती. तिने लॅपटॉपवर कव्हर घातलं, चारी बाजूंनी नीट खोचून.

मी परतलो तेव्हा खोलीत जळका वास होता. दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिलं आणि म्हणाला, "आ तो गयुं, भाई."

"माझ्यामुळे गेला ना रे?" आईने विचारलं.

"जाऊ दे आता," मी म्हणालो. वर मोठं मन दाखवल्यासारखं वाटलं, याची आजही लाज वाटते.

त्यानंतर आई प्रत्येक गोष्ट विचारून करू लागली. मिक्सर पुसू का, चार्जर काढू का. सगळं घर जिच्या हुकमाने चालायचं, ती माझी परवानगी मागत होती. पंधरा दिवसांनी टीव्हीही उघडा दिसला, तेव्हा मला राहवलं नाही. ती मेथी निवडत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. कुलूप मी काढलं नसतं, तर तिच्या कव्हराखाली लॅपटॉप फार तर मंद झाला असता.

"म्हणजे माझ्यामुळे नाही?"

"नाही."

तिने हातातली मेथी खाली ठेवली.

"मी सगळी कव्हरं उसवली रे," ती म्हणाली.