पाहुण्यांचं पाणी

“नायट्रेट नाही? नक्की?”

“नाही डॉक्टर. दोनदा केलं. जवळजवळ शून्य.”

फोनवर डॉक्टर म्हणाले, “मग हृदयाचंच काहीतरी असणार. तीन वाजता अँब्युलन्स येतेय. नाशिकला पाठवतो.” आणि फोन ठेवला.

दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. जळगावात पाणी तपासायची माझी छोटी लॅब आहे, वीस वर्षं झाली. लोक बाटल्या आणतात, मी आकडे देते. माझ्या आकड्यावर एखादं मूल जगेल की नाही हे ठरायची वेळ त्याआधी कधी आली नव्हती.

मूल म्हणजे फैजपूरकडच्या एका खेड्यातली अडीच महिन्यांची मुलगी. सकाळी तिला शहरातल्या एका छोट्या हॉस्पिटलात आणलं तेव्हा ओठ आणि नखं निळी-करडी होती. ऑक्सिजन लावूनही रंग बदलेना. सुईने काढलेलं रक्त लाल नव्हतं, चॉकलेटच्या रंगाचं होतं. हे डॉक्टर जुने, फार पाहिलेले. त्यांनी लगेच मला फोन केला होता, “त्यांच्या घरचं पाणी पाठवतोय. बाकी सगळं बाजूला ठेव, आधी नायट्रेट बघ.”

हे नायट्रेट म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. शेतात घातलेल्या खताचा काही भाग पाण्याबरोबर जमिनीत खाली उतरतो आणि विहिरी-बोअरमध्ये नायट्रेट होऊन बसतो. चव नाही, वास नाही. मोठ्या माणसाला सहसा लगेच काही होत नाही. तान्ह्या बाळाचं मात्र त्याने रक्तच बिघडतं. ते ऑक्सिजन वाहून न्यायचं काम सोडून देतं. छाती वरखाली होत असते आणि बाळ आतून गुदमरत असतं. यावर इंजेक्शन आहे. पण काही मुलांना त्याच इंजेक्शनने अपाय होतो. रक्ताची खात्री करणारं मशीन त्या छोट्या हॉस्पिटलात नव्हतं. त्यामुळे कारण हातात आल्याशिवाय डॉक्टर सुई टोचायला तयार नव्हते, आणि ते कारण माझ्याकडच्या बाटलीत असायला हवं होतं.

बाटली मुलीचे आजोबा घेऊन आले होते. त्यांना सगळे आबा म्हणत. केळीचे बागायतदार, स्वच्छ धोतर, टोपी. “घरचं पानी हाये मॅडम,” ते म्हणाले आणि मी फॉर्मवर सवयीने ‘बोअर’ लिहून टाकलं.

डॉक्टरांचा फोन झाल्यावर मी उरलेले आकडे रजिस्टरमध्ये लिहायला घेतले. टीडीएसपाशी पेन थांबलं. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या सगळ्या क्षारांची बेरीज. मीटर दाखवत होतं अडतीस.

त्या भागातलं बोअरचं पाणी मी आयुष्यभर तपासत आले आहे. आंघोळीच्या बादलीवर पांढरे थर बसतात असं जड पाणी. टीडीएस चार-पाचशेच्या खाली मी कधी पाहिलेला नाही. अडतीस टीडीएसचं पाणी तिथल्या जमिनीतून येतच नाही. माझं डोकं सटकलं. आधी आबांवर, मग स्वतःवर.

आबा बाहेर बाकावर रिपोर्टची वाट बघत बसले होते.

“आबा, हे पाणी घरातल्या कोणत्या नळाचं?”

“नयाचं कायले? फिल्टरचं. आरओ बसवला ना मांगच्या साली. पावन्यायले तेच देतो.”

“मुलीचं दूध याच पाण्यात करता?”

“नाई नाई!” आबा दुखावलेच. “सुनेले टायफाइड झाला, तिचं दूध आटलं, म्हनून पावडरचं दूध देतो. पन फिल्टरच्या पान्यात काई दम नाई मॅडम, सारे क्षार निंघून जातात. पोरीच्या हाडायले ताकद कशी येईन? तिले बोरचंच. पोरीची आजी, अक्का, सोता उकयून, फडक्यातून गायून देते.”

“मग बोरचं का नाही आणलं?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच अडाणी. “लॅबमदी न्याचं पानी. चांगलंच न्या लागते ना.”

पाहुणा आला की कान तुटलेला कप मागे सरकवायचा, ही आपल्याकडची रीत. मलाही त्यांनी तोच मान दिला होता. मला रडावं की ओरडावं कळेना.

त्यांचं सगळंच चूक होतं असं नाही. आरओ क्षार काढून टाकतो, हे खरं. कॅल्शियम जातं, मॅग्नेशियम जातं, आणि नायट्रेटही जातं. म्हणून तर माझं उत्तर शून्य आलं. बाळाला लागणारं कॅल्शियम दुधाच्या पावडरीत असतंच. उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट मरत नाही. पाणी वाफ होऊन उडतं आणि ते मागे राहून आणखी दाट होतं. अक्का जितकी काळजी घेत होत्या, तितकं विष वाढत होतं.

डॉक्टरांना फोन लावला. उचलेनात. बोअरचं पाणी आणायला फैजपूर गाठायचं म्हणजे जाऊन-येऊन दोन तास तरी गेले असते.

“आबा, दवाखान्यात येताना मुलीसाठी पाणी आणलंय का?”

“हाये ना, अक्काजवय. थर्मास भरून आनला.”

नायट्रेटच्या पट्ट्यांची डबी पर्समध्ये टाकली, आबांना स्कूटरवर मागे बसवलं आणि निघाले. पुलावर गर्दी. मी इतके हॉर्न आयुष्यात वाजवले नसतील. मागून आबा म्हणत होते, “हयू मॅडम, हयू.” हळू जायला वेळ कोणाकडे होता!

हॉस्पिटलच्या दारात अँब्युलन्स आलेली होती. पॅसेजमध्ये अक्का वाटेत लागेल म्हणून दुधाची बाटली तयार करत होत्या. पावडर घालून झाली होती, थर्मास कलता झाला होता. मी तो हातातून ओढून घेतला.

“अवं बाई! पोरगी उपाशी जाईन का नाशिकले?”

मी झाकणात पाणी ओतलं, पट्टी बुडवली आणि घड्याळाकडे बघत राहिले. पट्टी आधी गुलाबी झाली, मग गडद, मग डबीवरच्या शेवटच्या रंगाच्याही पुढे गेली.

डॉक्टर कागद घेऊन बाहेर आले.

“सर, मघाचं पाणी फिल्टरचं होतं. बाळ हे पितं. मी विचारलंच नाही, चूक माझी.”

त्यांनी पट्टी पाहिली, मग अक्कांना विचारलं, “सकाळी इथे आल्यावर हिला दूध दिलंत?”

“दिलं. नऊ वाजता.”

“म्हणजे नऊनंतर ती आणखी निळी पडली, ती यानेच,” ते स्वतःशीच म्हणाले. मग सिस्टरना हाक मारली, “इंजेक्शन काढा. अँब्युलन्सला थांबायला सांगा.”

मी आत जाऊ शकत नव्हते. आबांशेजारी बाकावर बसले. अक्का भिंतीला टेकून उभ्या होत्या. काय झालं हे त्यांना हळूहळू कळत होतं आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर बघवत नव्हतं. “मीच पाजलं व मॅडम,” त्या एवढंच म्हणाल्या. मी त्यांचा हात धरला. मला धीर देता येत नाही, कधीच आलेला नाही.

अर्ध्या-पाऊण तासाने आतून मुलगी रडली. चांगलं दणकून रडली. सिस्टर दार उघडून म्हणाली, “ओठ गुलाबी झाले.” आबांनी टोपी काढून तोंडावर धरली.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः जाऊन बोअर पाहिली. केळीच्या ठिबकला खत सोडायची टाकी त्याच पाइपला जोडलेली होती. वीज गेली की पाणी उलटं बोअरमध्ये पडतं आणि पाइपातलं खतही सोबत घेऊन जातं. ते अडवणारा व्हॉल्व्ह असतो. आबांनी तो काढून ठेवला होता, पाण्याचा दाब कमी होतो म्हणून. मी पुढ्यात उभं राहून तो बसवून घेतला. बोअरचं पाणी पिण्यासाठी बंद केलं आणि मुलीचं दूध फिल्टरच्या पाण्यात सुरू झालं.

आबांवर मी तिथे बरीच तडकले. परतताना गाडीत मात्र मला माझा फॉर्म आठवला. वीस वर्षांपूर्वी मीच बनवलेला. गाव, तालुका, बोअरची खोली, पिनकोडसुद्धा त्यात होता. हे पाणी कोण पितं, हे विचारायला जागा नव्हती. आता तो रकाना सगळ्यात वर आहे. तो भरायला सांगितला की लोक वैतागतात, एक-दोघं तर बाटली घेऊन दुसऱ्या लॅबमध्ये गेले. जाऊ देत. तो रिकामा असला की मी बाटलीचं झाकणही उघडत नाही.