मागच्या चाकाची धपधप

आमच्याकडं घरात उंदीर वाढले की शाळूची, म्हणजे ज्वारीची, पोती मोटारीत जातात. हसायचं तर हसा. काचा वर केलेल्या गाडीत उंदीर शिरत नाही, असा आमच्या गावाचा पक्का समज आहे. शिमग्यात आमच्या मालकांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, छातीत दुखलं, डॉक्टरांनी त्यांचं गाडी चालवणं बंद केलं, आणि गाडी पत्र्याच्या शेडात उभी राहिली. मग मी मागची सीट पाडून चार पोती घातली. आठवड्यातून एकदा इंजिन सुरू करायची, जरा वेळानं बंद करायची. बॅटरी जाऊ नये एवढंच माझं लक्ष. पाच महिने गाडी जागची हलली नाही.

मला गाडी येते. बागेत ट्रॅक्टर फिरवून हात बसला होता, लायसन मागाहून काढलं. तरी दर महिन्याला मिरजेच्या दवाखान्यात मालकांना पुतण्याच त्याच्या गाडीतून न्यायचा. त्या महिन्यात तो आपली गाडी घेऊन परगावी गेलेला, आणि इकडं मालकांना अंगणातून ओट्यावर यायला दोनदा थांबावं लागायला लागलं. दवाखान्यात फोन केला. त्यांनी दुसऱ्या दिवशी अकराला बोलावलं. म्हटलं, आता वाट कुणाची बघायची? मीच नेते.

सकाळी पोती उतरवली. चारी चाकांना एकेक लाथ घातली. हवा आम्ही अशीच बघतो. पायाला टणक लागलं, निघालो.

वेशीबाहेर डांबरी लागली आणि मागून आवाज सुरू झाला. धप, धप, धप. वेग वाढवला की धपधप जवळजवळ यायची, कमी केला की लांब लांब. सीट खालून थरथरत होती. माझ्या मनात एकच, चाक निखळतंय. आत्ता निखळेल, गाडी उसात जाईल, आणि ह्या माणसाला मी घरातून धड काढून रस्त्यात घालवला असं होईल. शेजारी बघितलं तर मालक गप्प, तळवा छातीवर. तोंडावर घाम. दुखतंय का विचारायचं धाडस होईना. व्हय म्हणाले तर काय करणार होते मी? थांबले तर उशीर, पळवली तर चाक. दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून धरलं होतं.

तासगावच्या अलीकडं एक टायरवाला बसतो. फौजेत गाड्यांच्या खात्यात नोकरी करून आलेला, डोळ्यावर चष्मा, बोलणं तोडून. त्याच्या दारात गाडी लावली आणि मला रडूच आलं.

"भाऊ, चाक निखळाय लागलंय. पेशंट हाय आत. अकराला मिरजेत पोचायचंय."

"मावशी, आधी सांगा, थरथर हातात येत्या का बुडात?"

मला लाज वाटली. पण खोटं कुठं सांगू?

"बुडात."

"मंजी मागचं चाक. पुढचं असतं तर स्टिअरिंग हाललं असतं." त्यानं जॅक लावला, मागचं चाक उचललं, नट दाबून बघितले. "निखळत न्हाई. नट घट्ट हाईत." मग स्क्रूड्रायव्हरचं टोक रबराजवळ एका जागी धरलं आणि चाक हातानं सावकाश फिरवलं. टोक आणि रबर यांच्यात सारखी फट होती. एका ठिकाणी मात्र ती एकदम मोठी झाली, पुढं परत सारखी.

"हितं सपाट बसलंय. दुसरंबी तसंच आसणार. गाडीत वजन घालून उभी केलीवती का?"

"शाळू हुता."

"किती?"

"चार पोती."

"गाडी घेतलीया का कणगी?" तो म्हणाला. हवा मोजली तर निम्मीच भरली. लाथेला टणक लागलं ते आपलं असंच.

तेवढ्यात आतून मालकांचा आवाज आला. "आवं मिस्त्री, म्हंजी त्यो आवाज चाकाचा हाय?"

"तर वो! तुम्हाला कशाचा वाटला?"

"मला वाटलं माझ्या छातीतला." आणि माझ्याकडं बघून, "तुला कशाला सांगायचं म्हणून गप बसलो."

टायरवाला हसला. मला हसू येईना. आम्ही दोघं एकाच गाडीत, एकाच आवाजाला, वेगवेगळे भ्यालो होतो.

पण त्या माणसानं तिथं सोडलं नाही. स्टिअरिंग एका बाजूला पुरं वळवायला लावलं, खाली बसला, आणि पुढच्या डाव्या टायरवर आतल्या बाजूनं तळवा फिरवला. फिरवता फिरवता थांबला.

"मावशी, हिकडं या. हात लावा. सावकाश, टोचंल."

बाहेरून ते टायर छान दिसत होतं. नक्षी खोल, कडा धड. दर दसऱ्याला मीच ते पुसते, हळदकुंकू लावते. आतली कड मात्र गुळगुळीत झाली होती, आणि एका जागी रबर संपून तारांचे केस वर आले होते. माझं बोट तिथं लागलं आणि मी हात झटकन मागं घेतला.

"चाक वाकडं चाललंय. कवातरी खड्ड्यात आपटलं आसंल. एकाच कडंवर घासतंय," तो म्हणाला. "मागचं नुस्तं वरडतंय. ह्ये गपचिप फुटलं असतं."

उजवंही बघितलं, तेही आतून खाल्लेलं. पुढची दोन्ही त्यानं तिथंच बदलली. मागच्यांत हवा पुरी भरली. म्हणाला, "रबर गार हाय म्हणून घट्ट बसलंय. चाळीसच्या वर जाऊ नका. गरम झालं की बरंच गोल हुतंय. न्हाईच झालं, तर परत आल्यावर तीबी बदलायची. आन पुढची चाकं सांगलीत मशीनवर सरळ करून घ्या. न्हाईतर नवीबी अशीच खाईल."

निघालो. धपधप होतीच, पण आता मला तिचं भय नव्हतं. भय पुढच्या चाकांचं होतं. नवी असूनही. इतकी वर्षं आपण जिथं कधी हात घातलाच नाही, तिथं काय काय असेल असंच वाटत राहिलं. कवलापूर मागं पडलं तशी धपधप मऊ झाली, सांगलीत तर ऐकू येईना. आवाज थांबला, पण मालकांचा घाम थांबला नाही. ते बघून माझा पाय आपोआप जोरात दाबला जायचा, मग चाळीस आठवायचं आणि मी तो मागं घ्यायची.

अकराला दहा मिनिटं कमी असताना मिरजेत पोचलो. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, बघितली, आणि मला विचारलं, "आजच आणलंत ते बरं केलंत. कशानं आलात?"

"मीच घेऊन आले."

मालकांना त्यांनी ठेवून घेतलं. संध्याकाळच्या आत मला कपडे आणि कागद आणायला गावी जायचं होतं. सांगलीत थांबून चाकं सरळ करून घेतली, कारण चार दिवसांनी ह्याच गाडीतून त्यांना घरी आणायचं होतं. काम होईपर्यंत मी बाकावर बसले नाही. चाकाजवळ उभी राहिले. मशीनवरच्या माणसाला म्हटलं, "दादा, झालं की आतल्या बाजूला मला हात लावू दे."