दाढ दुखतेय, असं ती म्हणाली होती

ईसीजीची पट्टी हातात धरून डॉक्टर म्हणाले, "मोठा हार्ट अटॅक आहे. कधीपासून त्रास होतोय यांना?"

मी शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढून त्यांना दिला. त्यावर सगळ्या वेळा होत्या. सात चाळीस, आठ दहा, नऊ पंचवीस. माझ्याच अक्षरात, घड्याळ बघून लिहिलेल्या.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी कागद वाचला, पुन्हा वाचला. "हे तुम्ही लिहिलंत? यांच्यासमोर बसून?"

"हो."

"जवळजवळ तीन तास?"

मी मान हलवली. त्यांनी कागद फाइलला लावला आणि नर्सला हाक मारली.

हे वाचणाऱ्यांपैकी काही जण माझ्यासारखेच पुष्पौषधी घेणारे किंवा देणारे असतील. हे मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. बाकीच्यांना एवढं सांगतो, की पुष्पौषधी म्हणजे फुलांचा अंश पाण्यात उतरवून, ते टिकावं म्हणून त्यात थोडी ब्रँडी घालून केलेले थेंब. माझ्याकडे अडतीस बाटल्यांची पेटी आहे. परीक्षेची धास्ती, मुलाखतीआधीची धडधड, घरातलं माणूस गेल्यावरचं सुन्नपण, अशा प्रत्येक मनःस्थितीचं वेगळं फूल. मी तळोज्याच्या एका रंगाच्या कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. रविवारी सकाळी रोडपालीच्या आमच्या घरी लोक येतात आणि मी त्यांना थेंब देतो. दहाएक वर्षं देतोय.

असे थेंब देणाऱ्यांचं आमचं एक मंडळ होतं, त्यात एक शिस्त होती. शरीराचं विचारायचं नाही. कुणी पाठ दुखते म्हणालं, तर पाठ दुखताना मनात काय येतं ते विचारायचं. कागदावर फक्त मन लिहायचं. मी ही शिस्त फार कडक पाळायचो. मला तिचा अभिमान होता.

त्या रविवारी सकाळी सुजाता, माझी बायको, चहा अर्धा टाकून खुर्चीत येऊन बसली. म्हणाली, "कसंतरीच होतंय. डावी दाढ ठणकतेय, पार खांद्यापर्यंत."

मी कागद घेतला. म्हणालो, "दाढेचं राहू दे. मनाला काय वाटतंय ते सांग."

हे वाक्य मी बोललो. ते मला आयुष्यभर पुसता येणार नाही.

ती म्हणाली, "भीती वाटतेय. कशाची ते कळत नाही." मी लिहिलं, 'अनामिक भीती', आणि त्या फुलाचे चार थेंब पाण्यातून दिले. अर्ध्या तासानं विचारलं, तर ती 'जरा बरं आहे' म्हणाली. मला बरं वाटावं म्हणून म्हणाली, हे तिनं नंतर सांगितलं. सव्वानऊनंतर पुन्हा अस्वस्थ झाली. मी मिश्रण बदललं. दाढ कागदावर लिहिली नाही. घाम लिहिला नाही. कळ आली की ती खुर्चीचा हात घट्ट धरत होती, तेही लिहिलं नाही.

दहाच्या सुमारास गव्हाणच्या चांगुणाबाई आल्या. दर रविवारी त्या आमच्या इमारतीत मासळी घेऊन येतात. दार उघडंच होतं. पाटी खाली ठेवत त्यांनी आत पाहिलं.

"वैनी, काय झालं गं?" मग माझ्याकडे वळल्या. "दादा, तुमी लिवताय काय?"

"तिला जरा घाबरल्यासारखं होतंय. औषध दिलंय."

"औषध? तोंड बगा तिचं! माज्या बर्फातली मासली हिच्यापेक्षा ताजी दिसते. पेन ठेवा ते. रिक्षा आना, नाय तर मी बोंब मारून सगली बिल्डिंग गोला करते."

मी उठलो. कागद खिशात कोंबला. चांगुणाबाई पाटी तिथेच टाकून रिक्षात सुजाताला धरून बसल्या. त्यांच्या लुगड्याला मासळीचा वास होता. त्या वासाला मी एरवी नाक मुरडायचो.

दहा मिनिटांत हॉस्पिटल आलं. पुढचं सगळं भराभर झालं. अँजिओग्राफी, म्हणजे मनगटाच्या धमनीतून बारीक नळी आत नेऊन, रंगद्रव्य सोडून हृदयाच्या रक्तवाहिन्या पडद्यावर बघणं. पुढची मोठी धमनी पूर्ण बंद होती. लगेच अँजिओप्लास्टी केली. धमनी फुग्यानं उघडून तिथं स्टेंट, म्हणजे जाळीची बारीक नळी बसवली.

दुसऱ्या दिवशी टूडी इको केला. ही हृदयाची सोनोग्राफी. त्यात इजेक्शन फ्रॅक्शन पस्तीस आलं. हृदय दर ठोक्याला आतल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर ढकलतं, त्याचं हे माप. निरोगी माणसाचं साठीच्या आसपास असतं.

मी डॉक्टरांना विचारलं, "लवकर आणलं असतं तर?"

ते म्हणाले, "स्नायू जास्त वाचला असता. मी खोटं बोलणार नाही." मग म्हणाले, "दुसऱ्या एका धमनीतही अडथळा आहे. तो महिन्याभरानं काढू. तोपर्यंत गोळ्या चुकवायच्या नाहीत."

तो महिना मी माफ्या मागत काढला. सुजाताची, तिच्या भावाची, डॉक्टरांची. चांगुणाबाईंच्या तर पायाच पडलो. त्या म्हणाल्या, "उठा हो, लोक बगतात. वैनी जेवते ना? मग झालं."

पेटी मी माळ्यावर टाकली. मंडळातल्या एका ज्येष्ठ बाईंचा फोन आला. चौकशी झाल्यावर त्या म्हणाल्या, "हे चारचौघांत सांगत बसू नका. पद्धतीचं नाव खराब होतं. तुमची निवड चुकली असेल, फूल दुसरं हवं होतं." तिकडे सुजाताचा भाऊ म्हणत होता, "भावोजी, त्या बाटल्या खाडीत फेकून द्या." मी दोघांनाही 'हो' म्हणालो.

दुसऱ्या अँजिओप्लास्टीच्या सकाळी सुजाता हॉस्पिटलच्या हिरव्या गाउनमध्ये पलंगावर बसली होती. आमचा नंबर तिसरा होता. तिचे तळवे गार पडले होते.

"अहो, थेंब आणलेत?"

"नाही. आता ते नाव नको काढूस."

"कमाल आहे तुमची. हार्ट अटॅक आला होता तेव्हा पाजत बसलात, आणि आज नुसती भीती वाटतेय तर देत नाही. उलटं डोकं आहे तुमचं."

शेजारच्या पलंगावरच्या आजी खुदकन हसल्या.

मी रिक्षानं घरी गेलो. माळ्यावरून पेटी काढली आणि परत आलो. पण या वेळी आधी डॉक्टरांना गाठलं, बाटली दाखवली, आत काय आहे ते सांगितलं. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. "यानं हृदयाचं काही भलं होणार नाही. पोटात काही देऊ नका, त्या उपाशी आहेत. मनगटाला लावायचं तर डाव्या लावा, उजवं आम्हाला लागणार आहे. आणि आधी येऊन विचारलंत, हे बरं केलंत."

मी तिच्या डाव्या मनगटाला चार थेंब लावले आणि तिचा हात धरून बसलो. तिचा श्वास हळूहळू संथ झाला. ते फुलामुळे झालं की हात धरल्यामुळे, मला माहीत नाही. माहीत असल्याचा आव आता आणणार नाही. ती म्हणाली, "हं, आता नेऊ द्या त्यांना." आणि नेलं.

आज तिचं इजेक्शन फ्रॅक्शन पंचेचाळीस आहे. जो स्नायू गेला तो गेला. ती रोज संध्याकाळी चालते, मध्येच थांबते, पुन्हा चालते. थांबते तेव्हा मला त्या सकाळचे तीन तास दिसतात. ते दिसत राहणार.

पण मी बाटल्या फेकल्या नाहीत आणि गप्पही बसलो नाही. रविवारी लोक अजून येतात. माझा पहिला प्रश्न आता असतो, "शरीरात कुठे, काय होतंय?" छाती, जबडा, खांदा, दम, घाम, यातलं एकही उत्तर आलं तर पेटी उघडत नाही. सरळ ईसीजीला पाठवतो. ज्येष्ठ बाई म्हणाल्या, हे आपल्या पद्धतीत बसत नाही. मी म्हटलं, मग मीही बसत नाही. मंडळातून माझं नाव गेलं. जाऊ दे.

मागच्या महिन्यात नेऱ्याहून एक गृहस्थ आले. मुलीचं लग्न ठरलेलं, छातीत धडधड, रात्री दम लागल्यासारखं. "चार थेंब द्या, फार नाव ऐकलंय तुमचं," म्हणाले. मी त्यांना रिक्षात घातलं आणि बरोबर गेलो. ईसीजी नॉर्मल. रक्ताच्या तपासण्या नॉर्मल. बाहेर आल्यावर ते चिडले. "अख्खा दिवस घालवलात माझा. मी म्हणत होतो ना, नुसतं टेन्शन आहे!"

मी त्यांना घरी आणलं. सुजातानं चहा केला. मग मी पेटी उघडली आणि थेंब दिले. माफी मात्र मागितली नाही.