ट्रामच्या कठड्यावरचे बोंबील

आमच्या गावात ट्राम कधीच नव्हती. मांडव्याला लाँच, दिघीला गाड्या पलीकडे नेणारी जंगलजेट्टी, बाकी सगळा कारभार एसटीच्या भरवशावर. तरी गेल्या वर्षी एका रिसॉर्टवाल्याने कुठूनशा दोन जुन्या दुमजली ट्राम आणल्या, लाल रंग फासला आणि पाहुण्यांना फिरवायला किनाऱ्यावर रूळ टाकले. टाकले ते नेमके आमच्या वलांड्या उपटून. वलांडी म्हणजे बोंबील वाळत घालायच्या बांबूच्या दांड्या. आईचं सगळं आयुष्य त्या दांड्यांखाली गेलं. जागा सरकारी, आमच्याकडे कागद नाही. त्यात ट्रामवर तिकिटं फाडायची नोकरी मलाच लागली, म्हणजे घरात धड भांडायचीही सोय उरली नाही.

 

एका सकाळी कामावर गेले, तर आई ट्रामच्या वरच्या मजल्यावर. दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून कठड्यावर टांगत होती. पाणी नव्याकोऱ्या गाद्यांवर टपकत होतं.

"आये, उतर खाली! माझी नोकरी घालवशील!"

"आगं, वलांडीच हाय ही. वारा बग कसा लागतंय. कुत्रंबी चढायचं न्हाय."

ती चेष्टा करत नव्हती. एवढ्या मोठ्या ट्रामचा तिला दिसलेला उपयोग तेवढाच होता. मला हसू आलं, तरी मी गाद्या पुसायला लागले.

तेवढ्यात मालक आला. तो तोंड उघडणार, तर मागचे पाहुणे मोबाइल काढून बोंबलांकडे धावले. मालकाने ते पाहिलं आणि त्याचा सूरच बदलला.

"मावशी, रोज येऊन टांगा. पगार देतो. फक्त ओले नकोत, वास येतो. वाळलेले आणा."

"वालवू कुठं?" आईने विचारलं. तोवर तो पाहुण्यांत मिसळला होता.

मला त्याचा इतका राग आला की हातातली तिकिटं चुरगळली. आई मात्र बोंबील उतरवत होती. घरात पगार नको म्हणण्यासारखी परिस्थिती नव्हती.

पुढच्या बाजाराला आई बोंबील विकायला आपल्या नेहमीच्या जागी बसली नाही. शेजारच्या मासळीवालीसमोर उभी राहिली आणि ट्रामवर टांगायला सुक्या बोंबलाचा भाव विचारला. ती बाई आधी खो खो हसली. मग आईने रिकामी पिशवी उघडून पुढे धरली.