न पिता केलेलं दारुड्याचं सोंग

आमच्या उंद्रीकडच्या गावांत दिवाळीनंतर दंडार, म्हणजे सोंगांचं लोकनाट्य, व्हायची. बायकांची कामं पुरुषच लुगडं नेसून करायचे, पण लोक येत ते माझं दारुड्याचं सोंग बघायला. ही बढाई आहेच, पण खरी आहे. मी खांबाला मिठी मारून नुसतं "सरक बे, वाट दे" म्हटलं की पुढचे म्हातारे मांडीवर थापा मारत.

सोंगातली माझी बायको आमच्या गावचा न्हावी व्हायचा. त्याला बोलायला मी आमच्या घरातलंच वाक्य दिलं. संध्याकाळी मी झोकांड्या खात आलो की माझी खरी बायको ताट घेऊन उभी राही आणि म्हणे, "पोट भरलं असन त सांगा, भाकर गाईले टाकतो." न्हाव्यानं ते कंबर मुरडत म्हटलं आणि लोक हसून लोळले. दुसऱ्या दिवशी विहिरीवर शेजारणींनी माझ्या बायकोलाच विचारलं, "काय वं, गाईचं पोट भरलं काय?" ती अर्धीच घागर भरून परत आली. मी मात्र खुशीत होतो. माझं वाक्य गावभर झालं होतं. माझं म्हणे.

दंडारीआधी मी वेशीबाहेरच्या दारूच्या ठेक्यावर जाऊन येई. नागपूरच्या सरकारनं लिलावात दिलेलं दुकान ते. तिथं बसलं की मला दरबारी मानकरी झाल्यासारखं वाटे. एका वर्षी बायको म्हणाली, "तुमी म्हणता ना, हे सोंग हाय. मंग एक खेप न पिता करून दाखवा."

"हाव, त्यात काय."

सकाळपासून थेंब घेतला नाही. दुपारी दाढी करताना न्हाव्यानं वस्तरा बाजूला ठेवला. "काऊन हालून राह्यला बे? गळा कापला गेला असता."

"तालीम करून राह्यलो," मी म्हटलं.

दिवेलागणीला टेंभे पेटले. मी पुढं आलो आणि हात थडथड उडू लागले. घाम डोळ्यांत उतरला, जीभ टाळूला चिकटली. न्हावी पदराआडून कुजबुजला, "आज लय जमून राह्यलं." मला थांबायचं होतं आणि थांबता येत नव्हतं. एरवी पिऊन मी कसा बेतानं झुलायचो; न पिता खरा दारुडा दिसलो. बायकांच्या घोळक्यात सगळ्या हसत होत्या. माझी बायको माझ्या हातांकडे बघत होती.

खेळ संपताच मी ठेक्याकडे धावलो. पहिला पेला पोटात गेला आणि हात थांबले. थरथरत्या हातांची वाटली नव्हती एवढी भीती मला त्या थांबलेल्या हातांची वाटली.

सकाळी मीच म्हटलं, "मिशनच्या दवाखान्यात ठेवून घेतात म्हणे अशांले."

"अशांले म्हंजे कशांले?"

"माह्यासारख्यांले."

तिनं लगेच पिठाचं गाठोडं बांधलं. तिथं रोग्याचा स्वयंपाक घरच्यांनीच करायचा असे. छकड्यात ती वाटभर ते मांडीवर धरून बसली.

डॉक्टरांनी विचारलं, "रोज घेता?"

मी हात जोडून, आवाज लावून सुरुवात केली, "साहेब, सणासुदीले, पावना आला त..." डॉक्टरांच्या तोंडावर हसू येऊ लागलं होतं. आणखी दोन वाक्यं, आणि मी बरा ठरून घरी गेलो असतो. पण दारात ती ते गाठोडं छातीशी धरून उभी होती. माझं भाषण तिथंच बसलं.

"रोज," मी म्हटलं. "न घेता उभं राहाता येत नाई."

खाट मिळाली. पहिले दिवस वाईट गेले. भिंतीवर नसलेल्या मुंग्या दिसत, भाकरीचा वास नकोसा होई. ती मागच्या पडवीतल्या चुलीवरून ताट आणी, मी तोंड फिरवी. एकदा ती कंटाळून जुन्या सवयीनं म्हणाली, "पोट भरलं असन त..." आणि मध्येच थांबली. तिनं मागं वळून पाहिलं, कोणी हसतंय का. त्या खोलीत आमच्या गावचं कोणी नव्हतं.

मी ताट ओढलं. "नाई भरलं. वाढ," म्हटलं. घास गिळता गिळेना, पण भाकर संपवली.

महिन्याभरानं घरी आलो. दंडारीत आता मी ढोलकी वाजवतो. लोक जुनं सोंग मागतात, मी काहीतरी चावट बोलून उडवून लावतो. घरी ती ताट वाढते आणि आत निघून जाते. ते वाक्य तिनं पुन्हा म्हटलेलं नाही.