भागीबाईंचा सरपंच आणि नवी द्राक्षं

आमच्या म्हसरूळच्या कॉलनीत भागीबाईंच्या दारावरून न खाता पुढे जाणं अजून कुणाला जमलेलं नाही. मीटर बघायला आलेला पोरगा नागलीची भाकरी खाऊन गेला आणि मीटर बघायचाच विसरला. मी तर शेजारी. माझ्या पोटाचा निम्मा घेर त्यांचाच.

बाई मूळच्या वर डोंगरातल्या, पेठ तालुक्याकडच्या. लग्नानंतर नवऱ्यामागे द्राक्षबागांच्या कामाला खाली उतरल्या, त्या इथल्याच झाल्या. आता मुलाचं घर झालं, तरी हौसेनं बागेत जातात. डोंगरातली एक रीत मात्र त्यांनी सोडली नाही. नवं पीक घरात आलं की आधी देवाला, मग घर राखणाऱ्याला, मग माणसांना. तिकडे हे भाताचं, नागलीचं व्हायचं. इथे बाईंनी त्यात द्राक्षं बसवली.

घर राखणारा म्हणजे त्यांचा कुत्रा, सरपंच. दिवसभर ओट्यावर पडून येणाऱ्याजाणाऱ्याकडे नुसता बघतो, उठत नाही, म्हणून हे नाव मीच ठेवलं. आधीचा कुत्रा द्राक्षं हुंगून तोंड फिरवायचा, तेवढ्यानं नैवेद्य झाला असं बाई धरायच्या. यंदा देवापुढचा घड होता तसा राहिला, पण सरपंचापुढचा देठासकट गेला.

मोहिनी, त्यांची सून, मेडिकलच्या दुकानात कामाला आहे. ती बाहेर आली.

"आई, काय दिलंत त्याला?"

"नव्याची द्राक्षं."

"अहो, कुत्र्याला ती विषासारखी असतात. किडनी जाते."

"नाशकात राहून कुत्र्याला द्राक्ष चालत नाय? मग त्यानं काय कोकणात जावं?"

मी हसलो. मोहिनी हसली नाही. तिनं जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला, आणि ते म्हणाले, असाल तसे निघा. मग रिक्षात मी, दोघी बायका आणि माझ्या मांडीवर सरपंच.

डॉक्टरांनी उलटी करवली, रक्त तपासलं, सलाइन लावलं. म्हणाले, "एखाद्याला काहीच होत नाही, एखाद्याला थोडीही बाधतात. आधी सांगता येत नाही. बेदाणेही तसेच. आणखी काय काय देता याला?"

"आमी खातो तेच. कांद्याचं पिठलं, लसणाची चटणी. नातवाच्या वाढदिवसाला चॉकलेटचा केक दिला, लय आवडला त्याला."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "यातलं एकही द्यायचं नाही. मागितलं तर नाही म्हणायचं."

बाईंनी जन्मात कुणाला वाढताना नाही म्हटलेलं नव्हतं. चेहरा एवढासा झाला. "म्हनते. पन आधी वाचंल का ते सांगा."

"पाणी चढतंय, ते उतरलं पाहिजे. लघवी केली की किडनी चालू आहे असं कळेल."

झालं. रात्रीत कॉलनीतली एकही गाडी कोरडी न सोडणारा हा प्राणी दवाखान्याच्या फरशीवर मात्र अगदी सभ्य होऊन बसला. डॉक्टर म्हणाले, अंगणात न्या. मी सलाइनची बाटली वर धरून मागे, बाई पट्टा धरून पुढे. आम्ही त्याला खांब दाखवला, कुंडी दाखवली. बाई लहान मुलाला करतात तसं तोंडानं शूऽऽ करत होत्या. थांबलेला रिक्षावाला म्हणाला, "आबा, माझ्या चाकाला करू द्या. टायर नवीन आहे, पण काय हरकत नाही." सरपंचानं चाक हुंगलं आणि नापसंत केलं.

मला असं हसू फुटलं की बाटली हलायला लागली.

"भाऊ, हसू नका," बाई डोळे पुसत म्हणाल्या, "तो लाजतो."

मी ओठ दाबून सरळ उभा राहिलो. तेवढ्यात माझ्या डाव्या पायाला ऊब लागली. धोतर ओलं झालं, चप्पल भरली.

"भाऊ, हलू नका. तुमच्या पाया पडते, हलू नका."

मोहिनी डॉक्टरांना हाका मारत आत पळाली. डॉक्टर दारात येऊन मान डोलवत म्हणाले, रक्त उद्या-परवा पुन्हा बघू, पण हे फार चांगलं झालं. रिक्षावाल्यानं टाळ्या वाजवल्या. भागीबाईंनी खरोखर वाकून माझ्या त्या भिजल्या पायाला नमस्कार केला. मी तसाच उभा, बाटली उंच धरून, आणि सरपंच काही संपवायचं नाव घेईना.